उत्तर न आलेले पत्र : १८९९चा प्रस्ताव आणि अक्साई चीनचा पेच

विशेष प्रतिनिधी

भारत आणि चीन यांच्या विशेष प्रतिनिधींची चोविसावी बैठक ऑगस्ट २०२५ मध्ये नवी दिल्लीत झाली. या बैठकीत सीमानिश्चितीच्या प्रश्नावर ‘लवकर पदरात पडू शकेल’ असा काही भाग आहे का, याचा शोध घेण्यासाठी तज्ज्ञांचा गट नेमण्याचे ठरले. गलवानच्या रक्तरंजित चकमकीनंतर पाच वर्षांनी दोन्ही देश सैन्याच्या गस्तीपलीकडे जाऊन सीमारेषेविषयी बोलू लागले, ही निश्चितच स्वागतार्ह गोष्ट. परंतु, हे तज्ज्ञ जेव्हा लडाखचा नकाशा समोर अंथरतील, तेव्हा त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका पत्राची आठवण ठेवावी लागेल. या पत्राला अधिकृत उत्तर कधीच आले नाही. आणि आजच्या पेचाचे एक मूळ नेमके त्या न आलेल्या उत्तरात दडलेले आहे.

हे पत्र १४ मार्च १८९९चे. पेकिंगमधील ब्रिटिश वकील सर क्लॉड मॅकडोनाल्ड यांनी ते चीनच्या परराष्ट्र व्यवहार पाहणाऱ्या ‘त्सुंगली यामेन’ला लिहिले. काश्मीर आणि चिनी तुर्कस्तान यांच्यामधील सीमा कुठून जावी, याचा सविस्तर प्रस्ताव त्यात होता. ब्रिटिश हिंदुस्थानने अक्साई चीनच्या भागातील सीमेबाबत चीनच्या सरकारपुढे अधिकृतपणे मांडलेला हा एकमेव प्रस्ताव होय. इंग्रजांनी तो कधी मागे घेतला नाही. चीनने कधी स्वीकारला नाही आणि नाकारलाही नाही.

जुनी सीमा, न आखलेली

पत्राकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. लडाखचे राज्य १८३४ मध्ये जम्मूच्या गुलाबसिंगांचा सेनापती जोरावरसिंग याने जिंकले. १८४१ मध्ये तो थेट पश्चिम तिबेटात घुसला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथील कडाक्याच्या थंडीत मारला गेला. पुढच्या वर्षी डोग्रा आणि तिबेटी यांच्यात समझोता झाला. हाच चुशुलचा करार म्हणून ओळखला जातो. लडाखच्या ज्या जुन्या सीमा आहेत त्या तशाच राहतील, असे त्यात मान्य करण्यात आले. मात्र, त्या सीमा कोठून कोठे जातात, हे लिहिण्याची गरज कोणालाच वाटली नाही. कोणते कुरण कोणाचे, कोणत्या गावाने कोणाला सारा द्यायचा, हे तेथील लोकांना ठाऊक होते. तेवढे त्या काळाला पुरेसे होते.

इंग्रजांना ते पुरेसे नव्हते. मार्च १८४६च्या अमृतसर कराराने त्यांनी काश्मीर ७५ लाख नानकशाही रुपयांना गुलाबसिंगांच्या स्वाधीन केले, आणि लगोलग लडाखची पूर्व सीमा निश्चित करण्यासाठी अधिकारी नेमले. पहिल्या वर्षी व्हान्स अॅग्न्यू आणि अलेक्झांडर कनिंगहॅम गेले. दुसऱ्या वर्षी कनिंगहॅम यांच्याबरोबर हेन्री स्ट्रेची आणि थॉमस थॉमसन गेले. चीनचे प्रतिनिधी मात्र दोन्ही वेळा आलेच नाहीत. कॅन्टनच्या चिनी व्हाइसरॉयने जानेवारी १८४७ मध्ये कळविले, की या प्रदेशाच्या सीमा पूर्वीपासून पुरेशा स्पष्ट आहेत, तेव्हा नव्याने काही ठरविण्याच्या भरीस न पडणेच सोयीचे.

हे उत्तर लक्षात ठेवण्याजोगे आहे. स्वतंत्र भारताने पुढे याच उत्तराचा आधार घेऊन, परंपरागत सीमा चीनलाही मान्य होती, असा युक्तिवाद केला. युक्तिवाद चुकीचा नव्हता. पण परंपरागत सीमा मान्य असणे आणि ती सीमा अमुक डोंगरावरून जाते हे मान्य असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीवर चीनने तेव्हा काहीच म्हटले नव्हते. विशेषतः काराकोरम खिंडीच्या पूर्वेला, सुमारे सतरा हजार फूट उंचीवर पसरलेले अक्साई चीनचे निर्मनुष्य, खारट पठार तर या पाहणीच्या कक्षेबाहेरच राहिले.

जॉन्सन यांची रेषा

या पठारावर पहिल्यांदा ठसठशीत रेषा उमटली ती १८६५ मध्ये. भारतीय सर्वेक्षण खात्यातील डब्ल्यू. एच. जॉन्सन हे खोतानच्या शासकाच्या निमंत्रणावरून अक्साई चीन ओलांडून खोतानला गेले. परतल्यावर त्यांनी काढलेल्या नकाशात काश्मीरच्या महाराजांचा मुलूख थेट कुनलुन पर्वतापर्यंत पोहोचला होता. त्या वेळी सिंकियांगमध्ये चिनी सत्तेविरुद्ध बंड झाले होते आणि चीनचा अंमल नावालाही उरला नव्हता. लेह-यारकंद व्यापारी मार्गावरील शाहिदुल्ला येथे महाराज रणबीरसिंग यांनी छोटी गढी बांधून पहाराही बसविला होता. त्यामुळे जॉन्सन यांच्या रेषेला विरोध करणारे कोणी शिल्लकच नव्हते. हेच जॉन्सन पुढे महाराजांच्या सेवेत जाऊन लडाखचे वजीर झाले, याकडे त्यांच्या टीकाकारांनी नेहमीच बोट दाखविले आहे.

जॉन्सन यांची रेषा छापील नकाशांत आली आणि रुळली. पण ही एका बाजूने काढलेली रेषा होती. चीनने सिंकियांग पुन्हा जिंकले १८७७-७८ मध्ये. १८८४ मध्ये त्याला प्रांताचा दर्जा दिला. चिनी अधिकारी परत दक्षिणेकडे सरकू लागले, तेव्हा इंग्रजांनी काय केले? अडविले तर नाहीच, उलट उत्तेजन दिले. फ्रान्सिस यंगहजबंड १८८९ मध्ये शाहिदुल्लाला जाऊन आले. काराकोरमच्या उत्तरेचा मोकळा पट्टा रशियाने बळकावण्यापेक्षा तो चीनने ताब्यात घेतलेला बरा, असा त्यामागचा हिशेब होता. १८९२ मध्ये चिनी अधिकाऱ्यांनी काराकोरम खिंडीत सीमेचा खांब उभारला, त्यालाही इंग्रजांची हरकत नव्हती.

येथे या साऱ्या कथेतील मुख्य पात्र पुढे येते. ते चीन नाही, काश्मीरही नाही. ते रशिया आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश हिंदुस्थानची उत्तर सीमा ठरविताना इंग्रज अधिकाऱ्यांच्या मनात नेहमी एकच प्रश्न असे : झारचे घोडदळ कुठवर येऊ शकेल? चीनशी सीमा आखायची ती चीनसाठी नव्हे, तर चीनच्या आड उभ्या असलेल्या रशियासाठी.

दोन मते, दोन रेषा

जपानबरोबरच्या १८९४-९५च्या युद्धात चीनचा दारुण पराभव झाला आणि लंडनमधील लष्करी वर्तुळात चिंतेचे सूर उमटू लागले. लष्करी गुप्तवार्ता विभागाचे संचालक मेजर जनरल सर जॉन अर्डाघ यांनी जानेवारी १८९७ मध्ये एक टिपण सादर केले. त्याचा मथितार्थ असा : चीन आता रशियाला थोपवून धरू शकणार नाही. पर्वताच्या माथ्यावर सीमा ठेवली तर पलीकडच्या उतारावरील दऱ्या शत्रूच्या हाती पडतील. म्हणून सीमा आणखी उत्तरेला, कुनलुनपर्यंत न्यावी. अर्थातच अक्साई चीन हिंदुस्थानात यावे.

कोलकात्यात बसलेले व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांना हे पटले नाही. इतक्या दूरच्या, ओसाड प्रदेशावर हक्क सांगितला तर तो राखण्यासाठी सैन्य ठेवावे लागेल. शिवाय चीन दुखावून रशियाच्या अधिकच जवळ जाईल. ज्यांनी तो मुलूख डोळ्यांनी पाहिला आहे, त्यांच्या मते काराकोरमच्या रांगा हीच उत्तम नैसर्गिक सीमा आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच सुमारास काशगरहून येणारी माहितीही याच बाजूने झुकत होती. तेथे ब्रिटिशांचे प्रतिनिधी होते जॉर्ज मॅकार्टनी. आई चिनी आणि वडील स्कॉटिश असलेले मॅकार्टनी १८९० पासून काशगरमध्ये ठाण मांडून होते. सेंट पीटर्सबर्ग येथे चीनचे वकील राहिलेल्या हुंग ता-चेन यांचा एक नकाशा १८९३ मध्ये त्यांच्या हाती आला होता. त्यात अक्साई चीन काश्मीरच्या बाजूला दाखविले होते. मात्र १८९६ मध्ये मॅकार्टनी यांनी इंग्लंडमध्ये छापलेला एक नकाशासंग्रह काशगरच्या चिनी अधिकाऱ्याला दाखविला, तेव्हा अक्साई चीन ब्रिटिश हद्दीत पाहून त्याने हरकत घेतली. म्हणजे तीन वर्षांच्या अंतराने चीनच्याच बाजूने दोन निराळी मते पुढे आली होती. मॅकार्टनी यांचा स्वतःचा अंदाज असा, की अक्साई चीन हे एका मोठ्या, अनिश्चित पठाराचे नाव असून त्याचा काही भाग चीनचा तर काही भाग ब्रिटिशांचा असावा. पुढच्या प्रस्तावाचे बीज या अंदाजात आहे.

हुंझाच्या निमित्ताने

प्रस्तावाला तात्कालिक निमित्त मिळाले ते हुंझाचे. काराकोरमच्या पश्चिम टोकाचे हे चिमुकले संस्थान. १८९१च्या अखेरीस इंग्रजांनी ते जिंकले होते. तरीही हुंझाचा मीर दरवर्षी काशगरला सोन्याची भुकटी नजराणा म्हणून पाठवीत असे, आणि त्या बळावर चीन स्वतःला हुंझाचा अधिराज मानीत असे. उलट, मीर पर्वतापलीकडील तागदुंबाश आणि रस्कम येथील कुरणांवर व शेतजमिनीवर हक्क सांगत असे. मीराच्या लोकांना रस्कममध्ये कसण्यासाठी जमीन देण्यास चिनी अधिकारी तयार झाले, तेव्हा काशगरमधील रशियन कॉन्सुल पेत्रोव्हस्की यांनी त्याला जोरदार विरोध केला. हा घोळ एकदाचा मिटवावा, म्हणून संपूर्ण सीमेचाच प्रस्ताव चीनपुढे ठेवण्याचे ठरले.

मॅकडोनाल्ड यांच्या पत्रातील देवाणघेवाण सरळ होती. चीनने हुंझावरील अधिराज्याचा दावा सोडावा. त्या बदल्यात तागदुंबाशच्या बहुतांश भागावरील व रस्कमवरील मीराचा दावा ब्रिटिश सोडतील. सीमा मुख्यतः काराकोरमच्या माथ्यावरून जाईल. काराकोरम खिंडीपासून ती काही अंतर पूर्वेला जाऊन दक्षिणेकडे वळेल आणि पुढे लाक त्सांग रांगेवरून आग्नेयेला जात लडाखच्या पूर्व सीमेला मिळेल. आजच्या भाषेत सांगायचे, तर चांगचेन्मो नदीचे खोरे आणि लिंगझी तांगचे मैदान काश्मीरकडे राहील व अक्साई चीनचे मूळ पठार बहुतांशी चीनकडे जाईल.

पत्रात आणखी एक मुद्दा होता आणि तो आज वाचताना खटकतो. ही सीमा प्रत्यक्ष जमिनीवर आखण्याची गरज नाही, कारण ती दुर्गम पर्वतांच्या माथ्यावरून जाते. दोन्ही सरकारांनी ती मान्य केल्याचा करार केला की पुरे, असे त्यात म्हटले होते. करार झाला असता तर कदाचित पुरलेही असते. पण तो झालाच नाही.

मौनाचा अर्थ

चीनने उत्तर का दिले नाही? एकच कारण सांगणे कठीण आहे. तो काळच चीनच्या दृष्टीने भयंकर होता. १८९७-९८ मध्ये जर्मनी, रशिया, ब्रिटन, फ्रान्स यांनी चीनची बंदरे एकामागून एक भाडेपट्ट्याने लाटली होती. अशा वेळी आणखी एका परकीय सत्तेबरोबर जमिनीचा करार करणे म्हणजे आणखी एका सवलतीवर शिक्का मारणे, असे पेकिंगच्या दरबाराला वाटले असेल तर नवल नाही. पुढच्याच वर्षी, १९०० मध्ये, बॉक्सर उठाव झाला. पेकिंगमधील परकीय वकिलाती जून ते ऑगस्ट वेढ्यात अडकल्या, आणि या वेढ्यात बचावाचे नेतृत्व केले ते सर क्लॉड मॅकडोनाल्ड यांनीच. ज्या माणसाने सीमेचा प्रस्ताव दिला, त्याच्यावरच गोळ्यांचा वर्षाव होत होता. अशा परिस्थितीत काराकोरमच्या पलीकडील ओसाड पठाराची आठवण कोणाला राहणार?

इंग्रजांनीही पाठपुरावा केला नाही. आणि येथे तुलनेसाठी दुसरे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. १८८५ मध्ये अफगाणिस्तानच्या उत्तरेस पंजदेह येथे रशियन सैन्याने अफगाणांवर हल्ला केला, तेव्हा ब्रिटन आणि रशिया युद्धाच्या उंबरठ्यावर पोहोचले. पण त्यानंतर दोन्ही साम्राज्यांचे आयोग प्रत्यक्ष जमिनीवर उतरले आणि १८८७ पर्यंत त्यांनी तेथील सीमा ठरवून टाकली. पामीरमध्ये १८९५ मध्ये पुन्हा दोघांचे अधिकारी एकत्र गेले आणि त्यांनी सीमेचे खांब रोवले. याचा अर्थ, अतिदुर्गम पर्वतातही सीमा आखणे त्या काळी अशक्य नव्हते. समोरचा बलवान होता तेथे इंग्रजांनी खांब रोवले, समोरचा दुबळा होता तेथे पत्र लिहून ते थांबले. रशियाबरोबरची ती सीमा आज अफगाणिस्तान आणि त्याचे उत्तरेकडील शेजारी यांच्यात मोठ्या अंशी कायम आहे. चीनबरोबरच्या कागदी सीमेवर मात्र माणसे मरत आहेत.

ही रेषा नंतरही रशियाच्या भीतीप्रमाणे सरकत राहिली. १९११ च्या क्रांतीने चीनची मंचू राजवट कोसळली. आता सिंकियांग रशियाच्या घशात जाणार, असे दिसू लागताच १९१२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी अर्डाघ यांच्यासारखीच उत्तरेकडील रेषा पुन्हा सुचविली. चीनला मात्र त्याविषयी काहीही कळविण्यात आले नाही.

पूर्वेकडेही थोड्याफार फरकाने हेच घडले. ऑक्टोबर १९१३ ते जुलै १९१४ या काळात सिमल्यात झालेल्या परिषदेत सर हेन्री मॅकमहोन यांनी मार्च १९१४ मध्ये तिबेटचे प्रतिनिधी लोन्चेन शात्रा यांच्याशी पत्रव्यवहार करून आजच्या अरुणाचलची सीमा ठरविली. चीनचे प्रतिनिधी इव्हान चेन यांनी परिषदेच्या मसुद्यावर एप्रिलमध्ये आद्याक्षरे केली, पण त्यांच्या सरकारने ती लागलीच अमान्य केली. पुढे दोन दशके ब्रिटिश सरकारच ही रेषा विसरून गेले होते. १९३५ मध्ये ओलाफ कॅरो यांना जुन्या कागदपत्रांत ती सापडली. मग एचिसन यांच्या करारसंग्रहाचा संबंधित खंड १९३८ मध्ये नव्याने छापून त्यात सिमल्याची कागदपत्रे घालण्यात आली आणि मुखपृष्ठावर मात्र १९२९ हेच जुने वर्ष ठेवण्यात आले. पूर्वेकडे निदान तिबेटची सही तरी होती. पश्चिमेकडे तीही नव्हती.

वारसा नकाशांचा

ऑगस्ट १९४७ मध्ये स्वतंत्र भारताला लडाखमध्ये जे मिळाले ती सीमा नव्हती, तर अनेक नकाशे होते. सर्वेक्षण खात्याच्या १९५०च्या नकाशात हा भाग ‘सीमा अनिर्धारित’ असा दाखविला होता. तिबेटविषयी चीनशी २९ एप्रिल १९५४ रोजी करार झाल्यानंतर पंतप्रधान पंडित नेहरू यांनी १ जुलै १९५४च्या टिपणात, उत्तर सीमा निश्चित मानावी, ती कोणाशीही चर्चेसाठी खुली नाही, असा आदेश दिला. त्यानुसार छापलेल्या नव्या नकाशांतून ‘अनिर्धारित’ हा शब्द नाहीसा झाला. अक्साई चीन भारताच्या हद्दीत ठळक रेषेने दाखविण्यात आले.

यात सरकारच्या हेतूंविषयी शंका घेण्याचे कारण नाही. नव्या राष्ट्राला आपल्या सीमा निश्चित कराव्याच लागतात. लडाखच्या प्रथा, महसुलाच्या नोंदी, प्रवाशांचे वृत्तान्त, १८४२ आणि १८४७ची कागदपत्रे असे भक्कम पुरावे भारताकडे होते. पण, ज्या काळात नकाशा पक्का होत होता, त्याच काळात चीन त्या पठारावर रस्ता बांधीत होता. सिंकियांग आणि तिबेट जोडणारा हा महामार्ग १९५७ मध्ये पूर्ण झाल्याचे चीनने जाहीर केले. चीनने भारताला विचारले नाही, कळविलेही नाही. १९५८ मध्ये तेथे गेलेल्या भारतीय गस्ती तुकडीला पकडण्यात आले. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी कोंगका खिंडीजवळ भारतीय पोलीस जवानांना वीरमरण आले. देशभर पाळला जाणारा पोलीस स्मृतिदिन त्याच दिवसाचा.

याच सुमारास १८९९च्या पत्राला पुन्हा उजाळा मिळाला. २६ सप्टेंबर १९५९ रोजी चौ एन लाय यांना लिहिलेल्या पत्रात नेहरूंनी त्या प्रस्तावाचा दाखला दिला. त्या प्रस्तावानुसार सीमा कुनलुन रांगेने जाते, म्हणजेच संपूर्ण अक्साई चीन भारतात येते, आणि चीनने त्याला कधी हरकत घेतली नव्हती, असा त्यांचा मुद्दा होता. मात्र, पुढे मूळ पत्राचा अभ्यास करणाऱ्या अॅलिस्टर लॅम्ब यांच्यासारख्या इतिहासकारांनी त्यातील रेषा लाक त्सांग रांगेवरून जाते, कुनलुनवरून नव्हे, हे दाखवून दिले. चीनच्या दाव्यालाही या पत्राचा पूर्ण आधार मिळत नाही. कारण, चीनची आजची दावारेषा १८९९च्या रेषेच्या बरीच पश्चिमेला आहे. जे लिंगझी तांग त्या प्रस्तावात काश्मीरचे होते, ते आज चीनच्या ताब्यात आहे. इतकेच नव्हे, तर १९५६ आणि १९६० मधील चीनच्याच दोन रेषांत फरक असल्याचे भारतीय अधिकाऱ्यांनी १९६०च्या चर्चेत दाखवून दिले होते.

म्हणजेच, ज्या पत्राला उत्तर आले नाही, त्याचा प्रत्येकाने आपल्या सोयीने अर्थ लावला. मौन म्हणजे संमती, असे एका बाजूने म्हटले. मौन म्हणजे काहीच ठरले नव्हते, म्हणून जे हाती लागेल ते आपले, असे दुसऱ्या बाजूने कृतीने दाखविले. एप्रिल १९६० मध्ये चौ एन लाय दिल्लीत आले, पण काही निष्पन्न झाले नाही. १९६२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात युद्ध झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हा यशवंतराव चव्हाण यांच्या दिल्लीला जाण्याचे वर्णन केले गेले. मराठी वाचकाला त्या दिवसांची आठवण याच शब्दांत आहे. युद्धाअखेर सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटरचा अक्साई चीनचा प्रदेश चीनच्या ताब्यात राहिला. मार्च १९६३ मध्ये पाकिस्तानने चीनशी परस्पर करार करून शक्सगाम खोऱ्यातील ५,१८० चौरस किलोमीटर प्रदेशही त्याला देऊन टाकला. हा करार भारताला मान्य नाही. परंतु, काराकोरमच्या त्या पश्चिम भागातील रेषा मोठ्या अंशी १८९९च्या प्रस्तावाशी जुळते, हा योगायोग नव्हे.

नकाशे अजूनही घडीतच

हा सारा इतिहास आज उगाळण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकांना पडू शकेल. कारण हेच, की १८९९ मध्ये जे घडले तेच निराळ्या रूपात अद्याप घडते आहे. १९९३ आणि १९९६च्या करारांनी प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर शांतता राखण्याचे ठरले. ती रेषा नेमकी कुठून जाते हे स्पष्ट करण्यासाठी नकाशांची देवाणघेवाण करण्याचेही ठरले. मध्य विभागाचे नकाशे २००० मध्ये एकमेकांना देण्यात आले. पश्चिम विभागाचे, म्हणजे लडाखचे नकाशे २००२ मध्ये एकमेकांना दाखविण्यात आले आणि लगेच मागे घेण्यात आले. ती प्रक्रिया पुढे सरकलीच नाही. भारत या रेषेची एकूण लांबी ३,४८८ किलोमीटर मानतो आणि चीन सुमारे दोन हजार किलोमीटर. लांबीविषयीच जेथे एकमत नाही, तेथे एखाद्या नदीच्या वळणाविषयी एकमत कसे होणार?

त्याची किंमत १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात मोजावी लागली. २० भारतीय जवान धारातीर्थी पडले. चीनने आपले चार सैनिक मृत झाल्याचे फेब्रुवारी २०२१ मध्ये मान्य केले. त्यानंतर काही ठिकाणी सैन्य मागे घेताना मधला पट्टा दोघांनीही मोकळा ठेवायचा, असे ठरले. चुशुलसारख्या भागातील पशुपालकांसाठी याचा अर्थ असा, की ज्या कुरणांवर त्यांच्या आज्या-पणज्यांच्या काळापासून याक आणि पश्मिना शेळ्या चरल्या, तेथे जाताना आता लष्कराला विचारावे लागते. १८४२च्या समझोत्यात जी ‘जुनी सीमा’ म्हटली होती, ती या पशुपालकांच्याच पायवाटांची होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये देपसांग आणि देमचोक येथील गस्तीबाबत समझोता झाला आणि तणाव निवळला. तथापि, गस्तीचा समझोता म्हणजे सीमेचा समझोता नव्हे.

या पार्श्वभूमीवर नव्या तज्ज्ञ गटाकडून तीन अपेक्षा ठेवता येतील. पहिली म्हणजे, जी गोष्ट ठरेल ती दोन्ही बाजूंनी लेखी आणि एकाच नकाशावर ठरावी. आपापले नकाशे आपापल्या कपाटात ठेवण्याने काय होते, ते आपण पाहिलेच आहे. दुसरी, जेथे मतभेद कमी आहेत तेथून सुरुवात करण्याची कल्पना व्यवहार्य आहे. मात्र सोप्या भागाची सीमा पदरात पाडून चीन लडाखचा अवघड प्रश्न पुन्हा बेमुदत टांगणीला लावणार नाही, याची काळजी भारताला घ्यावी लागेल. तिसरी आणि सर्वांत अवघड अपेक्षा आपल्याकडूनच आहे. साम्राज्यकाळातील एखादा नकाशा हाती धरून त्यालाच पवित्र मानण्याचा मोह दोन्ही देशांच्या लोकमताने आवरला पाहिजे. इंग्रजांनी स्वतःच्या हयातीत या भागातील रेषा किती वेळा आणि कोणत्या कारणांनी बदलली, हे एकदा कळले की तो मोह आपोआप कमी होतो.

याचा अर्थ भारताने आपला दावा सोडावा, असा मुळीच नाही. १९९४ च्या ठरावाने संसदेने जम्मू-काश्मीरविषयी देशाची भूमिका एकमताने मांडली आहे आणि कोणत्याही सरकारला तिचे भान ठेवावेच लागेल. चीनने रस्ता बांधून आणि सैन्य पुढे सरकवून जे मिळविले, त्याला इतिहासाचा आधार आहे असेही मानण्याचे कारण नाही. सांगायचे एवढेच, की दावा आणि सीमा यांत अंतर असते. दावा एकट्याला करता येतो. सीमा दोघांनी मिळूनच होते.

सर क्लॉड मॅकडोनाल्ड यांनी आपल्या पत्रात खांब रोवण्याची गरज नाही, असे लिहिले होते. त्या दुर्गम पठारावर कधी कोणी एकमेकांसमोर येईल, असे त्यांच्या कल्पनेतही नसावे. आज तेथे दोन्ही बाजूंना रस्ते आहेत, धावपट्ट्या आहेत आणि हजारो सैनिक उणे तीस अंशांतील हिवाळा काढीत आहेत. त्यांच्या दृष्टीने १८९९ हे इतिहासाच्या पुस्तकातील वर्ष नाही. त्या वर्षी विचारलेला प्रश्न अजूनही त्यांच्या पहाऱ्याच्या चौकीसमोर उभा आहे. त्याचे उत्तर या वेळी तरी मौनाने दिले जाऊ नये.